तहान आणि खेमीबाईची ओढणी

सव्वीस वर्षं मी देवासच्या एका शाळेत विज्ञान शिकवलं. दरवर्षी दहावीच्या वर्गात फळ्यावर मूत्रपिंडाची आकृती काढायची आणि मुलांना बजावायचं, नावं द्यायला विसरू नका, मार्क त्यालाच आहेत. त्यातल्या शेवटच्या काही वर्षांत माझी स्वतःची दोन्ही मूत्रपिंडं हळूहळू बंद पडत होती. पायाला सूज यायची, ती मी उभं राहून शिकवण्याच्या खात्यात टाकली. थकवा यायचा, तो पेपर तपासण्याच्या.

हे लिहायला बसले त्याचं कारण म्हणजे फोन. आमच्या मराठी मंडळातल्या कुणाच्या सासूला, कुणाच्या दिराला डायलिसिस सांगितलं की ते मला फोन करतात. "ताई, तुम्ही बोला ना त्यांच्याशी, फार टेन्शनमध्ये आहेत." मी बोलते, पण फोनवर धड सांगता येत नाही. मशीनचं सांगून होतं, पथ्याचं सांगून होतं. खेमीबाईपाशी आलं की माझा आवाज बसतो. म्हणून लिहून ठेवते. माझी मुलगी मुग्धा हिंदी शाळेत शिकलेली, तिला हे वाचायला वेळ लागेल. लागू दे.

कितने हफ्ते

निदान इंदूरला झालं. डॉक्टर तरुण होते, रिपोर्ट त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, "आठवड्यातून तीन वेळा मशीनवर यावं लागेल."

माझे यजमान, सुधीर, कारखान्यात सुपरवायझर होते. सगळं काम वेळापत्रकात बसवायची त्यांना सवय. त्यांनी खिशातून डायरी काढली आणि विचारलं, "कितने हफ्ते?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अंकल, हमेशा. किडनी मिलने तक."

सुधीरनी डायरी तशीच उघडी ठेवली. नंतर खाली गाडीपाशी ते किल्ली शोधत राहिले. किल्ली त्यांच्या हातातच होती आणि मी ते पाहत होते, पण मला सांगायचं सुचलं नाही.

सुधीर स्वतःची किडनी द्यायला तयार होते. त्यांना जुना मधुमेह, डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत नाही म्हटलं. मुग्धाची मी घेणार नव्हते, त्यावरून आमची तिघांची भांडणं झाली ती झालीच. शेवटी माझं नाव यादीत गेलं. यादी लांब असते. तोवर मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सात ते अकरा, देवासच्याच एका हॉस्पिटलात मशीन.

पाऊण लिटर

सुयांची भीती महिन्याभरात जाते. डाव्या हातात रक्तवाहिनी जोडून देतात, तिथं कान लावला की घरघर ऐकू येते, त्याचीही सवय होते. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं ते तहानेचं.

दिवसाला पाऊण लिटर. त्यात चहा आला, आमटी आली, ताक आलं, गोळ्यांबरोबरचा घोटही आला. जास्त प्यायलं की ते अंगातच साठतं. पुढच्या खेपेला वजनकाट्यावर उभं राहिलं की आमचे टेक्निशियन सुनील भिया आकडा बघून नुसती मान हलवायचे. मग मशीन ते पाणी ओढून काढायचं आणि पायात असे गोळे यायचे की मी, आयुष्यभर पोरांना शांत बसवलेली बाई, ओरडायची.

सुधीरनी बाटलीवर मार्करनं रेघा मारल्या. सकाळची रेघ, दुपारची रेघ. मी चुळा भरायच्या निमित्तानं बेसिनपाशी जायची आणि अर्धी चूळ गिळायची. चोपन्न वर्षांची बाई मी, पाणी चोरत होते. एकदा सुधीर दारात उभे होते. त्या दिवसापासून बेसिनचा दिवा लावला की ते येऊन बघायचे, आणि मला त्यांचा राग यायचा. राग त्यांचा नव्हता हे आता कळतं.

लहानसहान गोष्टींनी तगले. वहिनीनं धारहून पाठवलेली इवलीशी चांदीची वाटी होती. तिच्यातून पाणी प्यायलं की पुष्कळ प्यायल्यासारखं वाटतं. बर्फाचा एक खडा तोंडात धरला तर वीस मिनिटं जातात. ओला रुमाल मानेवर ठेवावा. हे मी फोनवरही सगळ्यांना सांगते.

शेजारची खुर्ची

माझ्या उजवीकडच्या खुर्चीवर खेमीबाई. साठीची, बारीक अंगाची, डोक्यावरून ओढणी. पहिल्या दिवशी तिनं मला विचारलं, "क्या करती हो?" मी शिकवायची म्हणून सांगितलं. तेव्हापासून मी मास्टरनी. मी तिला अदी म्हणायला लागले. सिंधीत थोरल्या बहिणीला अदी म्हणतात हे तिनंच शिकवलं.

ती सिंधमधून आलेली. सक्खरच्या पलीकडं तिचं गाव. नऊ वर्षांपूर्वी हरिद्वारच्या यात्रेचा व्हिसा काढून मुलगा, सून, नातवंडं असे सगळे निघाले आणि परत गेले नाहीत. का निघालात, असं मी एकदाच विचारलं. "पोती बड़ी हो रही थी," एवढंच म्हणाली. नात मोठी होत होती. पुढं मी विचारलं नाही. धाकटी बहीण तिकडंच राहिली. नागरिकत्वाचे कागद अजून फिरताहेत, तोवर जिल्ह्याबाहेर पाऊल टाकायचं तर आधी ऑफिसात अर्ज द्यायचा.

मला वाटलं, ही बाई रडत असेल. ती मशीनवर चार तास ओठातल्या ओठात गाणं म्हणायची. आणि तिचं वजन कधी किलोच्या वर वाढलेलं नसायचं. सुनील भिया मला ऐकवायचे, "मैडम, अम्मा से सीखो जरा."

मग कळलं ते असं. तिचा देव म्हणजे झुलेलाल, पाण्याचा देव. रोज सकाळी ती दिवसाचं पाणी बाटलीत मोजून घ्यायची, आणि त्यातला पहिला घोट काढून देवापुढच्या पितळी भांड्यात घालायची. त्यात चार तांदूळ आणि साखर. याला ते आखो म्हणतात. शुक्रवारी भांड्यातलं ते सगळं विहिरीत सोडायचं. उरलेलं पाणी तिचं.

मी हिशेबी बाई. म्हटलं, "अदी, पूजा के लिए नल का पानी ले लो ना. अपने में से क्यों निकालना?"

तिनं माझ्याकडं जरा आश्चर्यानंच पाहिलं. "नल का तो नल का है, मास्टरनी. अपने हिस्से में से देते हैं."

एक घोट म्हणजे काय हे ज्याला तहान माहीत नाही त्याला कळणार नाही. मला माहीत होतं. मी पुढचे दोन तास छताकडं बघत पडून होते.

शुक्रवार

एका शुक्रवारी तिनं घरी बोलावलं. सिंधी कॉलनीत मागच्या गल्लीत दोन खोल्या. तिकडून आलेल्या सात-आठ बायका जमल्या होत्या. कुणी शिवणकाम करणारी, कुणी पापड लाटणारी, एक तिकडं नर्स होती आणि इथं कागदांअभावी घरी बसलेली. प्रत्येकीनं आपल्या घरून वाटीभर पाणी आणलं होतं. ते एका भांड्यात ओतलं, कणकेचा दिवा लावला आणि गायला सुरुवात केली.

मी धारच्या देवळातली मुलगी. आमच्या घरात तीन पिढ्या दत्ताची पूजा, आता दादा करतो. आरत्या मला झोपेत म्हणता येतात. पण या बायका गायला लागल्या तेव्हा मला जाणवलं की मी कितीतरी वर्षांत नुसतं पाठांतर करत होते. ज्या नदीच्या काठावर त्यांना पुन्हा उभं राहता येणार नव्हतं तिला त्या स्टीलच्या वाट्यांमधून एकत्र आणत होत्या, आणि ती येत होती. त्यांच्या चेहऱ्यांवरून मला ती दिसत होती, याहून वेगळं मला सांगता येत नाही.

शेवटी सगळ्या उभ्या राहिल्या आणि ओढणीची, पदराची टोकं दोन्ही हातांनी पुढं पसरली. पल्लव, ही त्यांची मागण्याची रीत. काय मागतात, असं मी त्या नर्सबाईंना विचारलं. "सबका भला. नाम ले-लेकर," त्या म्हणाल्या. मग गुडघे, शाळेची फी, कागद कुठवर आले, अशा गप्पा सुरू झाल्या आणि हसणंही सुरू झालं. जाताना खेमीबाईनं भांड्यातलं पाणी माझ्या तोंडावर शिंपडलं. उन्हातून आलेल्या, तीन तास घोटही न घेतलेल्या माझ्या तोंडावर. मी तिथं उभ्या उभ्या रडले आणि कुणीही मला का म्हणून विचारलं नाही.

चैत्रगौर

आता माझी चूक सांगते. ही चूक आमच्याच घरातली बाई करू शकते.

धारला जुन्या मराठी घरांतून अजून चैत्रगौर बसते. महिनाभर आज हिच्याकडं, उद्या तिच्याकडं हळदीकुंकू. आंब्याची डाळ, कैरीचं पन्हं, भिजवलेले हरभरे, फोडलेला नारळ. मी रविवारी माहेरी गेले. शनिवारचं मशीन झालेलं, पुढचं मंगळवारी. मधले दोन दिवस सगळ्यांत जपायचे असतात हे मला पाठ होतं.

वहिनी म्हणाली, "वन्सं, पन्हं घ्या ना. गौरीचं आहे, प्रसादानं कुणाला काही होत नाही."

तिला दोष नाही, तिनं प्रेमानं म्हटलं. मला नाही म्हणता आलं असतं. मी फुलपात्र घेतलं. मग शेजारी, मग समोर, अशी पाच घरं झाली. प्रत्येक घरी पन्हं, डाळ, एके ठिकाणी नारळाचं पाणीही. पर्समधल्या बाटलीतलं पाणी मी रेघेबरहुकूम प्यायले आणि स्वतःला शाबासकी दिली. पन्हं मोजलं नाही, तो प्रसाद होता. डाळीत आणि नारळाच्या पाण्यात पोटॅशियम किती असतं हे विज्ञानाच्या बाईला सांगायला नको, पण तेही मोजलं नाही. खरं सांगायचं तर त्यात श्रद्धा नव्हती. माझ्या तहानेला मी हळदीकुंकू लावलं होतं.

सोमवारी सकाळी मला दात घासायचा ब्रश उचलेना. पाय जमिनीवर होते पण माझे वाटत नव्हते. छातीत एक ठोका पडायचा आणि दुसरा येईल की नाही याची वाट बघायची. दादानं देवाची पूजा अर्धी सोडली, आयुष्यात पहिल्यांदा, आणि मला गाडीत घातलं. इंदूरच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं, अर्धा तास उशीर झाला असता तर काही करता आलं नसतं.

सुधीर आले. पलंगाच्या कडेला बसून म्हणाले, "तू तिथं पाच घरी प्यायलीस, आणि इथं मी बाटलीवर रेघा मारत बसलो." मग चार दिवस आमचं कामापुरतं बोलणं.

त्या चार दिवसांत माझं ठरलं. बस झालं. मुग्धा अक्षय्यतृतीयेला येणार होती, तिला डोळे भरून बघायचं आणि मशीन सोडायचं. मशीन सोडलं की आठ-दहा दिवस उरतात. त्यात मनसोक्त पाणी प्यायचं. मला भीती वाटत नव्हती, हायसं वाटत होतं. आज ते आठवून अंगावर काटा येतो.

सुधीरना सांगितलं नाही. शनिवारी खेमीबाईला सांगितलं. दोघींचीही मशीनं चालू होती.

तिचं गाणं थांबलं. मग म्हणाली, "अच्छा. तो पहले मुझे नदी दिखा दो. नौ साल से बहता पानी नहीं देखा. फिर जो करना है कर लेना."

समोरचा काठ

मी धरमपुरी सुचवलं, तिथं माझ्या मावशीचं घर आहे, घाटही चांगला. तिनं विचारलं, "कौन सा ज़िला?" धार म्हटल्यावर तिनं मान हलवली. "अर्ज़ी लगानी पड़ेगी. अपने ज़िले में नदी नहीं है क्या?"

आहे. नेमावर. बुधवारी सुधीरनी गाडी काढली. एवढ्या उन्हात दोन आजारी बायकांना घेऊन शंभराच्या वर किलोमीटर कशाला, असं ते दोनदा म्हणाले आणि तरी निघाले. बागली फाट्यावर त्यांनी एकट्यानं चहा प्यायला, आमच्याकडं पाठ करून, तेवढी त्यांची माया.

घाटाच्या पायऱ्यांवर खेमीबाईनं चपला काढल्या आणि नर्मदेकडं पाहत उभी राहिली. भर उन्हाळ्यातही तिथं पाणी भरपूर असतं, रुंद आणि सावकाश. मला वाटलं, आता ही कोसळेल. तिनं हात वर करून पलीकडं दाखवलं. "उधर?"

"हंडिया. हरदा ज़िला."

"अच्छा. तो हम इधर ही ठीक हैं," ती म्हणाली, आणि हसली.

सुधीर वर सावलीत बसले. आम्ही दोघी खालच्या पायरीवर गेलो, घोट्यापर्यंत पाण्यात. तिनं ओढणीच्या गाठीतून तांदूळ-साखर काढली, स्वतःच्या बाटलीतला सकाळचा घोट त्यात घातला आणि सगळं नदीत सोडलं. एवढ्या मोठ्या पाण्यात तिचं घोटभर पाणी. मग ओढणी पसरून ती गायला लागली. तिचा आवाज फाटका आहे, मशीनपाशी तो नीट कळतही नाही. तिथं तो पाण्यावरून लांबवर जात होता. घाटावर कपडे धुणारी एक बाई हात थांबवून ऐकत राहिली.

मी वाकून ओंजळ भरली. थंड होतं पाणी. नर्मदेचं पाणी म्हणजे तीर्थ, मी मनात म्हटलं. एक ओंजळ. नंतर आणखी एक. आता सोडायचंच आहे तर कोण मोजतंय.

ओंजळ तोंडाशी नेली आणि समोर ओढणी दिसली. गाणं थांबवून खेमीबाई माझ्याकडं वळली होती. ओढणी तशीच दोन्ही हातांत पसरलेली, पण आता नदीपुढं नाही, माझ्यापुढं. तिनं माझा हात धरला नाही, डॉक्टरांचं नाव काढलं नाही.

"मास्टरनी," ती म्हणाली, "ये मुझे दे दो."

पदर पसरणं हे आपल्याकडं आता बोलण्यातच उरलंय. माझ्यापुढं आयुष्यात कुणी पसरला नव्हता. माझ्याजवळ घर होतं, पेन्शन होती, सात पिढ्यांचा पत्ता होता, आणि जिच्याजवळ यातलं काहीच नव्हतं ती माझ्याकडं मागत होती. तिच्या डोळ्यांत दया नव्हती. तिला ते खरोखर हवं होतं. माझ्या बोटांमधून पाणी गळत होतं, आणि उरलेलं मी तिच्या ओढणीत ओतलं. कापड भिजलं. पाणी खालून ठिबकून पुन्हा नदीत गेलं. ती ओढणी तिनं कपाळाला लावली, मग माझ्या.

तहान गेली नाही. ती होती तेवढीच होती. फक्त मी तिच्यात एकटी नव्हते.

परतताना तिनं ओढणीचं ओलं टोक गाडीच्या खिडकीत वाळत धरलं होतं. मी विचारलं, "अदी, नदी से क्या माँगा?"

तिनं नावं सांगायला सुरुवात केली. तिकडची बहीण. तिच्या सुना. नातीचा अभ्यास. नर्सबाईंचे कागद. सुनील भियाच्या बायकोचं बाळंतपण. ऑफिसातला तो बाबू, जो फाइल पुढं सरकवत नाही, त्याचंही भलं. पुढं गाडी चालवणारे साहेब.

"और अपने लिए?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "मास्टरनी, आपकी कुर्सी पर आपसे पहले दो और थीं," ती म्हणाली. "अपने लिए तो आपसे माँग लिया ना."

थोडं पुढं गेल्यावर सुधीरनी आरशातून माझ्याकडं पाहिलं. कितीतरी दिवसांनी पाहत होते. "काय मागितलं गं त्यांनी तुझ्याकडं?"

"पाणी," मी म्हटलं.

गुरुवारी सकाळी उठून मी बाटली भरली, रेघेपर्यंत. त्यातली एक चांदीची वाटी तुळशीला घातली आणि सात वाजता जाऊन खेमीबाईच्या शेजारच्या खुर्चीवर बसले.